साधी, टिकाऊ पिकअप घ्यायची तर काय पाहावं? वैराग भागातल्या शेतकऱ्यांसाठी सविस्तर माहिती

वैराग (ता. बार्शी) : कांदा निघाला की संध्याकाळी गोण्या भरायच्या, रात्री गाडी काढायची आणि उजाडायच्या आत सोलापूरच्या मार्केट यार्डात माल उतरवायचा, ही वैराग परिसरातली नेहमीची पद्धत. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, म्हणजे फार नाही. पण वडाळ्याच्या अलीकडं-पलीकडं डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, इंजिनाची ताकद गेली आणि कितीही दाबलं तरी गाडी चाळीसच्या वर जाईना, तर ते पन्नास किलोमीटर फार लांब होतात. लिलाव गाठला नाही तर माल दुसऱ्या दिवसावर जातो आणि दुसऱ्या दिवशी भाव काय निघेल ते कुणी सांगत नाही. गाडीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातोच.

म्हणूनच पिकअप घ्यायला निघालेला माणूस आधी एकच विचारतो, "लई सेन्सर नसलेली, गावातल्या मिस्त्रीला कळणारी गाडी कुठली?" या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की नवीन गाडीत सगळे सेन्सर टाळता येत नाहीत. कुठले टाळता येतात, कुठले नाहीत आणि जुनी घेतली तर काय तपासायचं, ते खाली दिलं आहे.

आधी थोडं मागचं

आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतो, पण ते मुळात एका जर्मन कंपनीचं नाव आहे. त्या कंपनीच्या परवान्यावर 1958 साली बजाज टेम्पो सुरू झाली. आधी तीनचाकी, मग मॅटाडोर. हीच कंपनी आज फोर्स मोटर्स. महिंद्राने 1947 पासून जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढं त्याच धाटणीच्या चेसिसवर पिकअप आल्या. टाटाचं टाटामोबाइल 1988 चं, त्याच घरातली 207 अजून काही गावांत चालू आहे. 2005 साली पुण्यात टाटा एस आली, म्हणजे आपला 'छोटा हत्ती'. 702 सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. अशोक लेलँडचा दोस्त 2011 साली आला.

या जुन्या गाड्यांचं डिझेल इंजिन समजायला सोपं होतं. पंप डिझेल दाबतो, नोझल फवारतं, दाबामुळं ते पेटतं. एकदा चालू झालं की बॅटरीची गरज जवळजवळ नाही. सेल्फ गेला तर चार जणांनी ढकलायची आणि दुसऱ्या गिअरात क्लच सोडायचा. पंप-नोझलचं काम बार्शीला नाहीतर सोलापूरला करून आणायचं, बाकी सगळं गावात.

मग बदललं काय?

बदलला तो धुराचा कायदा. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं. एप्रिल 2023 पासून त्याचा दुसरा टप्पा आला. त्यात गाडीने स्वतःच्या धुराची तपासणी स्वतःच करत राहायची असते. एवढा कमी धूर जुन्या पंपाने साधत नाही, म्हणून कॉमन रेल आली. यात एका पाइपात प्रचंड दाबाखाली डिझेल साठवतात आणि कुठल्या नोझलने कधी, किती फवारायचं ते ईसीएम नावाचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला माहिती पुरवायला हवा, तापमान, दाब, क्रँक, ॲक्सिलरेटर अशा प्रत्येक ठिकाणी सेन्सर. एखाद्याचा आकडा चुकला की कॉम्प्युटर इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. गाडी बंद पडत नाही, पण ओढत नाही. वर सांगितलेला पिवळा दिवा बहुतेक वेळा हाच असतो.

यावर कुणी "आमच्याकडं साधी आहे, बिनसेन्सरची" असं सांगून 2020 नंतरची डिझेल पिकअप विकत असेल, तर तो एकतर अडाणी आहे किंवा समोरच्याला अडाणी समजतो.

जगभर हीच तक्रार आहे. अमेरिकेत एप्रिल 2025 मध्ये स्लेट नावाच्या कंपनीने हाताने काच फिरवायची, स्क्रीन नसलेली, रेडिओसुद्धा नसलेली पिकअप दाखवली, आणि लोकांनी तिचं कौतुक केलं. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपमध्ये हाताची काच कधी गेलीच नव्हती! तेव्हा आपण फार मागं आहोत असं समजायचं कारण नाही. पिकअप म्हणजे मोठ्या टोयोटा हायलक्ससारखी गाडी डोळ्यापुढं असेल तर ती वेगळी गोष्ट. ती 2022 साली आपल्याकडं आली तेव्हाच किंमत तीस लाखांच्या वर होती. कांद्याच्या गोण्या टाकायला ती कुणी घेत नाही.

कुठलं टाळता येत नाही, कुठलं येतं

कॉमन रेल, ईसीएम, सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, हे नव्या डिझेल गाडीत येणारच. मालवाहू गाडी म्हणून ताशी 80 किलोमीटरची वेगमर्यादाही कंपनीतूनच बसून येते. यावर डोकं लावण्यात अर्थ नाही.

टाळता येतं ते वरचं. टचस्क्रीन, मोबाईलला जोडणारी ट्रॅकिंगची यंत्रणा, रिमोट लॉक, पॉवर विंडो. दहा गाड्या असणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला गाडी कुठं आहे, डिझेल किती जाळलं हे बसल्या जागी कळणं कामाचं आहे. ज्याची एकच गाडी आणि ती स्वतःच्याच बुडाखाली, त्याला त्याचा काय उपयोग? शोरूममध्ये आधी वरचं मॉडेल दाखवतात. खालचं मागावं, "स्टॉकला नाही" म्हटलं तर आठवडाभर थांबावं. पॉवर स्टेअरिंग मात्र सोडू नये. भरलेली गाडी यार्डात मागं घेताना खांदे त्याचं महत्त्व सांगतात.

बाजारात काय आहे

वैराग-बार्शी रस्त्यावर उभं राहिलं तर सगळ्यात जास्त दिसते ती महिंद्राची बोलेरो पिकअप. तिच्या इंजिनाचा आकार जुन्या डीआयपासून बीएस-6 पर्यंत 2523 सीसी असाच राहिला आहे. वरचं डोकं बदललं, कॉमन रेल आली, पण बांधणी ओळखीची. त्यामुळं मिस्त्रीचा हात बसलेला आहे आणि सुटे भाग मिळतात. साध्या गाडीच्या शोधात हा मुद्दा कॅटलॉगमधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. 2022-23 पासून बोलेरो मॅक्स नावाने नवी मालिका आली आहे. त्यात 1.3 टनापासून 2 टनापर्यंत भार घेणारी मॉडेल आहेत आणि वरच्या मॉडेलांत ट्रॅकिंगची यंत्रणा येते.

टाटाची योद्धा 2017 पासून आहे. बीएस-6 मध्ये 2.2 लिटरचं, 100 हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. सप्टेंबर 2022 मध्ये 2 टनांची योद्धा 2.0 आणि त्याबरोबर इंट्रा व्ही50 आली. ताकदीला योद्धा कमी नाही. घेण्याआधी आपल्या जवळच्या मिस्त्रीकडं या इंजिनाच्या किती गाड्या येतात एवढं विचारावं. अशोक लेलँडच्या दोस्तमध्ये तीन सिलिंडरचं दीड लिटर इंजिन, वजनाला हलकी, ॲव्हरेजला बरी. बडा दोस्त 2020 चा. खराब पाणंद रस्ता रोजचा असेल तर उंच, जाड चेसिसची गाडी बरी. डांबरी रस्त्याने भाजी, दूध, किराणा न्यायचा असेल तर दोस्त-इंट्रासारखी पुरते.

आता एक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही. भार पाऊण टनाच्या आत असेल, तर डिझेलचा हट्ट सोडून छोटी पेट्रोल गाडी बघावी. पेट्रोल इंजिनात काजळीच्या फिल्टरची भानगड नाही, एवढ्या दाबाचा पंप नाही. मारुती सुपर कॅरीत मारुतीच्या कारचंच 1.2 लिटर इंजिन आहे, जे कुठल्याही कार मिस्त्रीला कळतं. टाटाने जून 2025 मध्ये एस प्रो आणली, पेट्रोल मॉडेलची सुरुवातीची किंमत 3.99 लाख, भार 750 किलो. रोज दोनशे किलोमीटर पळणाऱ्याला पेट्रोल महाग पडेल. आठवड्यात तीन-चारदा शेतातून गावात आणि गावातून बाजारात जाणाऱ्याला खर्चाचा हिशोब उलटा लागू शकतो.

कारण डीपीएफ. या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला सायलेन्सरमध्ये साधारण 600 अंशांची उष्णता लागते, आणि ती येते गाडी एका वेगाने लांब पळाली तरच. रान ते घर, घर ते सोसायटी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत फिल्टर भरतच जातो. मग दिवा लागतो. दिवा लागल्यावर पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी एकसारखी पळवली तर बहुतेक वेळा काम होतं. दुर्लक्ष केलं तर शोरूम आणि मोठं बिल. हे जळण चालू असताना गाडी कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळल्या गवतावर उभी करू नये, सायलेन्सर खालून भयंकर तापलेला असतो.

"डीपीएफ कापून देतो, सॉफ्टवेअर मारून देतो" असं सांगणारे आहेत. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते आणि फिटनेसला गाडी अडकते. त्या वाटेला जाऊ नये.

ज्या गाड्यांत डीईएफ, म्हणजे बोलीभाषेत 'युरियाचं पाणी', लागतं, त्यांच्या बाबतीत एक सूचना शेतकऱ्याला खास. त्या द्रवात 32.5 टक्के शुद्ध युरिया असतो हे खरं. पण शेतातला युरिया बादलीत कालवून टाकीत ओतायचा नाही. आपला युरिया 2015 पासून निंबोळी तेल लावलेलाच येतो. ते तेल आणि बाकीची घाण पंपात, फवाऱ्यात जाऊन बसते, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च करायला लावते. शिवाय अनुदानाचं खत असं वापरणं गुन्हा आहे ते वेगळंच.

जुनी घ्यायची तर

ज्याला खरोखर साधी गाडी हवी, त्याची नजर जुन्या बाजाराकडं जाते. मार्च 2017 पर्यंत विकलेल्या बीएस-3 पिकअपमध्ये बऱ्याच साध्या पंपाच्या आहेत. मार्च 2020 पर्यंतच्या बीएस-4 मध्ये कॉमन रेल आहे, पण डीपीएफचा ताप सहसा नाही. गाडी कुठल्या बीएसची आहे हे आरसीवर लिहिलेलं असतं, बोलण्यावर जाऊ नये. अनेक जाणकारांच्या मते चांगली सांभाळलेली बीएस-4 हा मधला मार्ग आहे. बीएस-3 गाडी साधी खरी, पण आता तिचं वय झालं, आणि जुन्या गाडीचा साधेपणा तिच्या गंजलेल्या चेसिसला वाचवत नाही.

बघायला जाताना सकाळी जावं आणि मालकाला आधीच सांगावं की गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन एका सेल्फात लागलं पाहिजे. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून बघावं. तिथून धूर भकाभका येत असेल तर पिस्टन-रिंग गेल्या, म्हणजे इंजिन काम आलं. निळा धूर ऑइल जळाल्याचा. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर हेड गॅस्केट किंवा नोझलची शंका. मग खाली झोपून बघायचं, पँट खराब झाली तरी चालेल. पाट्यांचे हँगर जिथं चेसिसला बसतात तिथं तडा किंवा नवं वेल्डिंग आहे का? जादा पाटा घातलाय का? घातला असेल तर गाडीने कायम जादा माल ओढलाय, मग क्राऊन-पिनियन आणि हब बेअरिंगचा आवाज ऐकल्याशिवाय पुढं जाऊ नये. चाचणी भरलेल्या गाडीची घ्यावी. रिकामी पिकअप सगळीच छान पळते.

वाळूच्या गाड्यांपासून तर चार हात लांब. ओली वाळू हौदा आणि चेसिस खाते, आणि महसूलची कारवाई झालेली असेल तर डोकेदुखी नव्या मालकाच्या मागं लागते. परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, पीयूसी बघावं, आणि ई-चलनाची थकबाकीही ऑनलाइनच तपासून घ्यावी. फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि कंपनीची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. एमएच 13 ची गाडी असेल तर काम सोलापुरातच होतं. एमएच 25, म्हणजे शेजारच्या धाराशिवची गाडी, तशी जवळची, राज्यही तेच. दिल्लीकडची स्वस्त गाडी मात्र विचार करून घ्यावी. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्याने त्या इकडं येतात. एनओसी, नव्याने नोंदणी आणि इथला कर भरल्यावर स्वस्ताई किती उरते ते कागदावर मांडून बघावं. ती दहा वर्षांची बंदी दिल्ली परिसरापुरती आहे. आपल्याकडंही लागू झाली असे मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतात, त्यावर घाबरून चांगली गाडी भंगारात देऊ नये.

आठ वर्षांपर्यंत मालगाडीचा फिटनेस दोन-दोन वर्षांनी असतो, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांवरच्या मालगाडीला पर्यावरण करही लागतो. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेस फी 2022 पासून बरीच वाढली आहे. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघावं.

भार, परमिट, लायसन

पिकअपच्या कागदावर जीव्हीडब्ल्यू, म्हणजे गाडी अधिक माल मिळून एकूण वजन लिहिलेलं असतं. ते 3,000 किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. काही मॉडेलचं वजन तीन हजारांच्या जेमतेम खाली का ठेवलेलं असतं, ते यावरून समजेल. भाडं मारायचा विचार नसेल तर ही गोष्ट लक्षात ठेवून मॉडेल निवडावं.

पन्नास किलोच्या गोणीचा हिशोब धरला तर दीड टनाच्या गाडीत तीस गोण्या बसतात. पन्नास भरणारे आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. जादा भारासाठी दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. दंड चुकला तरी क्राऊन, क्लच आणि टायर आपला दंड वसूल करतात. आणि मग नाव सेन्सरचं होतं.

लायसनबद्दल अजून गोंधळ आहे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे की 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते. एवढ्याच कारणावरून विमा कंपनी दावा नाकारू शकत नाही. हौद्यात वऱ्हाड किंवा मजूर बसवले आणि अपघात झाला तर मात्र विम्याचं संरक्षण धरून चालू नये. आरसीवर जेवढ्या सीट, तेवढीच माणसं.

किमतीबाबत एक चांगली गोष्ट. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. शोरूमचं कोटेशन घेताना जुन्या पत्रकातली किंमत कुणी सांगत नाही ना, ते तपासावं.

घेतल्यावर

इलेक्ट्रॉनिक्स आपोआप कमी बिघडतं, बिघडवलं जातं जास्त. गावात पहिल्याच महिन्यात होणाऱ्या चुका ठरलेल्या. हौद्याला पिंजरा किंवा पाण्याच्या टाकीचा सांगाडा वेल्डिंग करून घेतात आणि बॅटरीची वायर तशीच ठेवतात. वेल्डिंगचा करंट वायरिंगमधून फिरला की ईसीएम जळू शकतो, आणि तो भाग गाडीतल्या सगळ्यात महागड्या वस्तूंपैकी एक आहे. आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढायची आणि अर्थिंगची क्लिप वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायची. दुसरी चूक, मोठा हॉर्न आणि एलईडीच्या माळा लावायला मूळ वायर सोलून जोड देणं. तिसरी, प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुणं.

उंदीर हा वेगळाच विषय. ज्वारी, भुईमूग, कांदा भरलेल्या शेडमध्ये गाडी लावली की उंदीर बॉनेटखाली येतात आणि वायर कुरतडतात. साध्या पंपाच्या गाडीला त्याने फारसा फरक पडत नव्हता, आताच्या गाडीला एक वायर पुरते. रात्री गाडी धान्यापासून लांब, मोकळ्यावर उभी करावी आणि सकाळी बॉनेट उघडून नजर टाकावी.

डिझेल कॅनमध्ये साठवून वापरणाऱ्यांनी तळाचं डिझेल कॉमन रेलच्या गाडीत टाकू नये. त्यातलं पाणी आणि गाळ ट्रॅक्टर पचवतो, पिकअपचा नोझल पचवत नाही. डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडायची चावी मिस्त्रीकडून दाखवून घ्यावी. ऑइल डीपीएफच्या गाडीला चालणारंच टाकावं. पुस्तकात ग्रेड लिहिलेला असतो, स्वस्त ऑइलची राख फिल्टरमध्ये अडकते ती जळत नाही.

आणि मिस्त्री. गाडी ठरवण्याआधी आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडं जाऊन विचारावं, या गाडीचा कोड वाचायचं मशीन आहे का? दिवा लागल्यावर कुठला सेन्सर तक्रार करतोय हे कळलं, तर बऱ्याचदा साफसफाई किंवा सैल झालेला सॉकेट बसवून काम भागतं. मशीन नसेल तर अंदाजाने भाग बदलले जातात आणि प्रत्येक अंदाजाचं बिल मालक भरतो. वैराग, बार्शी, मोहोळ या टापूत ज्या गाडीचा मिस्त्री रात्री फोन उचलतो, ती गाडी घेणाऱ्याला निम्मी साधी झालेलीच असते.